जोसेफसन जंक्शन म्हणजे काय? कुलाब्यात बनलेल्या क्युबिटमागचं विज्ञान

ठाण्याहून कल्याणकडे जाताना पारसिकचा डोंगर आडवा येतो. तो थेट पार करण्यासाठी रेल्वेने बोगदा खणला आणि १९१६ मध्ये तो सुरू झाला. इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांना मात्र बोगदा लागत नाही. अडथळा ओलांडण्याइतकी ऊर्जा नसली, तरी ते कधी कधी पलीकडे पोहोचतात. यालाच 'क्वांटम टनेलिंग' म्हणतात.

जोसेफसन यांनी काय सांगितलं?

काही धातू खूप थंड केले की त्यांचा विजेला होणारा विरोध शून्य होतो. हे झाले सुपरकंडक्टर, म्हणजेच अतिसंवाहक. रुग्णालयातल्या मोठ्या एमआरआय मशीनचं चुंबक याच तत्त्वावर चालतं. सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात.

अशा दोन सुपरकंडक्टरमध्ये वीज न वाहणारा, जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा थर ठेवला तर? या जोड्या थरातून पार जातील आणि व्होल्टेज न लावताही प्रवाह वाहील, असं गणित केंब्रिजमधल्या २२ वर्षांच्या ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये मांडलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये प्रयोगाने ते खरं ठरलं. १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

याचा उपयोग कुठे होतो?

व्होल्ट मोजण्यासाठी: जंक्शनवर एक मायक्रोव्होल्ट दाब दिला की प्रवाह सेकंदाला सुमारे ४८ कोटी ३६ लाख वेळा मागेपुढे होतो. ही वारंवारता अचूक मोजता येते, म्हणून व्होल्टचं प्रमाण यावरून ठरवतात.

मेंदू आणि हृदयासाठी: 'स्क्विड' हे उपकरण मेंदू आणि हृदयाचं अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र टिपतं. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने अशा यंत्रणा विकसित केल्या आहेत.

क्वांटम कॉम्प्युटरसाठी: सुपरकंडक्टिंग क्युबिटचा गाभा हेच जंक्शन असतं.

मुंबई-पुण्यात काय घडलं?

ऑगस्ट २०२४ मध्ये ६ क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. क्युबिट कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये बनले, नियंत्रण यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेने जुळवली आणि क्लाउड इंटरफेस टीसीएसने तयार केला. टीआयएफआरमधल्या गटाचे प्रमुख आर. विजय यांनी येल विद्यापीठात मिशेल डेव्होरे यांच्याकडे पीएचडी केली. जोसेफसन जंक्शनवरच्याच प्रयोगांसाठी डेव्होरे यांना २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

पुढे काय?

२०२३ मध्ये केंद्राने ६,००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. आठ वर्षांत ५० ते १००० क्युबिटचं उद्दिष्ट आहे. पण क्युबिट उणे २७३ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागतात आणि जराशा उष्णतेने किंवा आवाजी सिग्नलने त्यातली माहिती पुसली जाते. त्यामुळे निधीइतकीच गरज आहे ती नॅनोमीटरचा थर बिनचूक बसवू शकणाऱ्या हातांची. विज्ञान आणि इंजिनीअरिंग शिकणाऱ्या मुलामुलींसाठी खरी संधी इथेच आहे.