जीवितमूल्य, वाहतूक सुरक्षेतील

वाहतूक सुरक्षेचे नियम व उपाय यांमुळे जे मृत्यू टळतात, त्यांचे पैशात केलेले मापन. सुरक्षेवरील खर्च आणि तिचा लाभ एकाच मापाने तोलता यावा, हा त्यामागील हेतू. हे मूल्य कोणा एका ज्ञात व्यक्तीचे नसून, अनेकांचा धोका थोडाथोडा घटल्याने वाचणाऱ्या अज्ञात जीवांचे असते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंग यांनी हा भेद १९६८ मध्ये स्पष्ट केला.

भारतीय कायद्यात जीविताचा आकडा आला तो मुख्यतः नुकसानभरपाईच्या रूपाने. १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाने मृताच्या आप्तांना भरपाईचा हक्क दिला. मोटार वाहन अधिनियमातील १९८२ च्या दुरुस्तीने, चालकाचा दोष सिद्ध न होताही मृत्यूबद्दल १५,००० रु. देण्याची तरतूद झाली. ही रक्कम १९८८ च्या अधिनियमात २५,००० रु. व १९९४ मध्ये ५०,००० रु. झाली, २०१९ च्या दुरुस्तीने ५ लाख रु. भरपाई ठरविली. दोषावर आधारित दाव्यांत मात्र मृताचे उत्पन्न, वय व अवलंबितांची संख्या पाहून गुणक पद्धतीने रक्कम काढतात. सरला वर्मा खटल्यात (२००९) सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीत एकसूत्रता आणली. तथापि एकाच अपघातात मृत्यू पावलेल्या शेतमजुराची व अधिकाऱ्याची भरपाई सारखी होत नाही.

पनवेलजवळील कळंबोलीपासून निघणारा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग (लांबी ९४.५ किमी.; २००२ मध्ये पूर्णतः खुला) हे या प्रश्नाचे जवळचे उदाहरण होय. या मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे दगावली. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस व सेव्हलाइफ फाउंडेशन यांच्या सहभागाने मृत्युसंख्या शून्यावर आणण्याचा उपक्रम सुरू झाला. अपघातप्रवण स्थळांची दुरुस्ती, संरक्षक कठडे, वेगनियंत्रण व जखमींना तातडीची मदत हे त्याचे भाग होत. २०१९ मध्ये मृतांची संख्या ९२ झाली. ही सारी घट या उपायांची मानून ५९ जीव ५ लाख रु. दराने मोजले, तरी वार्षिक लाभ २ कोटी ९५ लाख रुपयेच भरतो. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०२३ या वर्षासाठी एका जीविताचे मूल्य १ कोटी ३२ लाख डॉलर धरले. तेथील उत्पन्नमान वेगळे असल्याने तो आकडा येथे लागू पडत नाही. परंतु तेथे श्रीमंत व गरीब यांना एकच दर लावतात, हे लक्षणीय आहे.

भरपाई ही मृत्यूनंतर कुटुंबाची हानी अंशतः भरून काढते, तर सुरक्षेचे मूल्यमापन मृत्यू टाळण्यासाठी आधी किती खर्च करावा हे ठरविते. पहिलीचा आकडा दुसऱ्यासाठी वापरल्यास आवश्यक उपायही न परवडणारे ठरतात आणि अल्प उत्पन्नाच्या प्रवाशांचे मार्ग दुर्लक्षित राहतात.