वाशीमचा दूरध्वनी : दिवाणखान्यापासून माजघरापर्यंत

वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी म्हणून ज्या वत्सगुल्माचे नाव इतिहासकार आदराने घेतात, आणि १९३९ साली सापडलेल्या विंध्यशक्ती द्वितीयाच्या ताम्रपटामुळे ज्याच्या राजशासनाचा अस्सल नमुना आज आपल्याला वाचावयास मिळतो, त्या वाशीम शहरास विसाव्या शतकाचा जवळजवळ सारा काळ आपल्या सरकारी कामांसाठी अकोल्याची वाट धरावी लागली. इंग्रजी अमलात बासिम या नावाने हा स्वतंत्र जिल्हा होता. परंतु १९०५ साली वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार करण्यात आले तेव्हा तो अकोल्यात विलीन झाला, आणि १ जुलै १९९८ रोजी पुनश्च वेगळा होईपर्यंत रिसोड-मालेगावच्या रयतेस जिल्ह्याची कचेरी म्हणजे अकोला हेच ठाऊक होते. अंतर ही ज्या मुलखाची नित्याची अडचण, तेथे दूरध्वनीचा इतिहास हा केवळ यंत्रांचा इतिहास राहत नाही. या यंत्रास येथे दोन बंधने होती. एक अंतराच्या दराचे, आणि दुसरे घरातल्या एकाच ठिकाणी बांधून ठेवणाऱ्या दोरीचे. माझ्या मते दुसऱ्या बंधनाचा इतिहास पहिल्याहून कमी महत्त्वाचा नाही, जरी तो कोणी लिहून ठेवलेला नसला तरी.

मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८८२ च्या जानेवारीत दूरध्वनी केंद्रे सुरू झाली, पण वऱ्हाडातील कापसाच्या पेठांना त्या काळी जी निकड होती ती तारेची. १८७० मध्ये मुंबई समुद्री तारेने विलायतेशी जोडली गेल्यावर परदेशातील कापसाचे भाव काही तासांत इकडे कळू लागले, आणि कारंज्यासारख्या जुन्या व्यापारी गावातील अडत्यास भावाची बातमी कळण्यातला उशीर म्हणजे प्रत्यक्ष नुकसान असे. तार वाचता येई, तिला हुंकार देता येत नसे. माणसाचा आवाज ऐकण्याची सोय सामान्य घरास लाभली ती स्वातंत्र्योत्तर काळात, आणि तीही ट्रंक कॉलच्या रूपाने. टपाल-तार कचेरीत जाऊन कॉल ‘लावावा’, साधा, अर्जंट की लाइटनिंग ते सांगावे, आणि मग बाकावर बसून राहावे. लाइटनिंगला साध्याच्या आठपट दर पडे, म्हणून तो बहुधा मृत्यूच्या किंवा अत्यवस्थतेच्या बातमीसाठीच लावला जाई. तीन मिनिटांची मुदत भरत आली की ऑपरेटर मध्येच बोले, आणि निम्मी मुदत तर ‘ऐकू येतंय का’ यातच सरलेली असे.

घरात फोन घेणे ही त्याहून मोठी बाब होती. अर्ज करावा, अनामत भरावी, प्रतीक्षायादीत नाव लागावे आणि वर्षे मोजावीत, असा तो क्रम होता. अधिक अनामत भरून क्रम पुढे ओढण्याची ‘ओ.वाय.टी.’ नावाची योजनाही होती. एवढ्या सायासाने आलेले ते काळे, जड यंत्र कोठे ठेवावे याविषयी घरात चर्चा होण्याचे कारणच नसे. ते दिवाणखान्यात, दर्शनी भिंतीशी, विणलेल्या रुमालाखाली, कर्त्या पुरुषाच्या खुर्चीजवळ ठेवले जाई, आणि पुष्कळ घरांत त्याच्या तबकडीच्या भोकात एक बारीकसे कुलूपही अडकवलेले असे. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांनी शेजाऱ्याचा क्रमांक आपल्या पत्रिकेवर ‘पी.पी.’ अशी अक्षरे जोडून छापावा, आणि शेजारच्या मुलाने हाक मारीत यावे, ही तर गल्लीगल्लीतली रीत. या व्यवस्थेत स्नेह होता हे मी मनापासून मान्य करतो. पण मेहकरच्या किंवा पुसदच्या माहेरून आलेल्या फोनवर सून चार पुरुषांच्या देखत काय बोलू शकत होती, याचाही विचार केला पाहिजे. ‘बरी आहे, सगळे बरे आहेत, तुम्ही कसे आहात’ यापलीकडे ते संभाषण क्वचितच जाई, आणि जे खरोखर सांगावयाचे असे ते आईला सणावारी माहेरी गेल्यावरच कळे.

ऑपरेटरची मध्यस्थी जाण्यास १९६० च्या नोव्हेंबरात लखनौ-कानपूर मार्गावर आरंभ झाला. देशातील पहिली थेट ‘एस.टी.डी.’ सेवा ती. लहान गावांपर्यंत ती झिरपण्यास मात्र १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या संस्थेची लहान स्वयंचलित केंद्रे यावी लागली. वातानुकूलनाशिवाय उष्णतेत व धुळीत चालतील अशी ती मुद्दाम घडवलेली होती, आणि वऱ्हाडातला मे महिना ज्याने सोसला आहे त्यास या एका गुणाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. वाशीमला ०७२५२ हा संकेतांक मिळाला, बसस्थानकाजवळ पिवळ्या पाट्यांच्या टपऱ्या उभ्या राहिल्या, आणि काचेच्या खोक्यात उभे राहून, समोरच्या लाल आकड्यांवर नजर ठेवून बोलण्याची एक नवीच शिस्त लोकांच्या अंगी बाणली. रात्री उशिरा दर पावपट होत असल्याने अकरानंतर तेथे रांग लागे. खेड्यांतील सार्वजनिक फोनांचे नशीब तितके चांगले नव्हते. रेडिओ लहरींवर चालणारी ‘मार’ नावाची जी यंत्रणा त्यांच्यासाठी उभारली गेली होती ती वारंवार बंद पडे, आणि अखेर ती बदलावी लागली. २००२ च्या अखेरीस भारत संचार निगमने ग्रामीण डाकसेवकाच्या हाती बिनतारी फोन देऊन त्याला दारोदार पाठवण्याची योजना काढली. आयुष्य फार लाभले नाही तरी पत्र वाटणाऱ्या माणसानेच आवाजही घेऊन यावा ही तिच्यातील कल्पना मला आजही सुंदर वाटते.

दोरी तुटण्याची कथा याच सुमाराची. बिनतारी यंत्र जवळ बाळगण्यास १९३३ च्या कायद्यान्वये परवाना लागे, त्यामुळे कॉर्डलेस फोन दीर्घकाळ आखाती देशांतून येणाऱ्या पाहुण्याच्या पेटीतली वस्तू होता. शिवाय त्या जुन्या पद्धतीच्या यंत्रावरील बोलणे शेजारच्या संचावर ऐकू येण्याचा संभव असे. १९९२ मध्ये युरोपात ‘डेक्ट’ हे अंकीय मानक ठरले आणि हा दोष बव्हंशी मिटला. आपल्या देशास अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, मद्रासच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक अशोक झुनझुनवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मानकावर ‘कॉरडेक्ट’ ही प्रणाली उभी केली, आणि खेड्यातील एका घरास तांब्याची तार न टाकता बोलणे व इंटरनेट दोन्ही एकाच वेळी देता येते हे दाखवून दिले. घरगुती कॉर्डलेस आणि इंटरनेट यांचा संबंध त्यामुळे आपल्याकडे अनेकांना वाटतो त्यापेक्षा जुना आहे.

अंतराचा दर मोडून काढला तो मात्र इंटरनेटने. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू झाली. इंटरनेटवरून बोलण्यास १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली, आणि परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून देशातील कोणत्याही फोनशी जोड देण्याची मुभा २०१८ मध्ये स्पष्ट झाली. तत्त्व साधे आहे. आवाजाचे सेकंदाला आठ हजार नमुने घेऊन त्यांचे आकडे करावयाचे, सुमारे वीस सहस्रांश सेकंदांच्या लहान पुडक्यांत ते बांधावयाचे, आणि टपालाप्रमाणे प्रत्येकावर पत्ता घालून पाठवावयाचे. पुडके मालेगावला जावयाचे की मेलबर्नला, याने त्याच्या खर्चात फरक पडत नाही. फरक पडतो तो विलंबात, आणि तो दीडशे सहस्रांश सेकंदांच्या आत राहिला तर कानाला जाणवत नाही.

आज वाशीमच्या जुन्या वस्तीतील एखाद्या घरी ही जोडणी होते ती अशी. खांबावरून आलेला केसासारखा काचतंतू भिंतीवरील पांढऱ्या पेटीत शिरतो. पेटीवरचे हिरवे दिवे स्थिरावले आणि तांबडा दिवा विझलेला असला म्हणजे प्रकाश नीट पोहोचला असे समजावे. त्याच पेटीच्या पाठीमागे फोनसाठी एक लहान खाच असते. कॉर्डलेसच्या बैठकीची चपटी तार तीत बसवावयाची, बैठकीवरील कळ काही क्षण दाबून धरावयाची, हातातील संचावर नोंदणीचा पर्याय निवडून गुप्त क्रमांक घालावयाचा (कारखान्यातून तो बहुधा चार शून्यांचा येतो), आणि दोघांची ओळख पटल्याचा सूर ऐकावयाचा. काही बैठका या खाचेवर अवलंबून न राहता थेट इंटरनेटच्या तारेला जोडतात. त्यांत सेवेचा पत्ता, खात्याचे नाव व परवलीचा शब्द आधी भरावा लागतो. पहिल्या दिवशी संच सलग चौदा-सोळा तास भारित करण्याचा सल्ला सोबतच्या पुस्तिकेत असतो, आणि तो मोडण्याची घाई करू नये. उघड्यावर तीनशे मीटरपर्यंत जाणारी ही लहर घरात पन्नासएक मीटरवर येते, मातीच्या हातभर जाड भिंतींत त्याहूनही कमी होते, आणि लोखंडी कपाटामागे बैठक ठेवल्यास शेजारच्या खोलीतही खरखर सुरू होते. म्हणून बैठक घराच्या मधल्या जागी, उंच फळीवर ठेवावी. जुन्या घरांत ही मधली जागा म्हणजे माजघर होय.

कर्त्या पुरुषाच्या खुर्चीजवळचे यंत्र अशा रीतीने, कोणाचीही परवानगी न मागता, चुलीच्या हाकेच्या अंतरावर आले. माजघरातील सासूबाई अंथरुणावर पडल्या पडल्या पुण्याच्या नातवाशी बोलतात; सून संच खांद्याशी धरून मागील दारी, तुळशीपाशी जाते, आणि आईशी मनातले बोलून परत येते. मोबाइलने हे सारे अधिक सोपे केले असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. पण ज्या वृद्धांची बोटे काचेच्या पडद्यावर घसरतात, त्यांना ठळक आकड्यांची, दाबली की दाबल्याचे कळणारी कळ आजही हवी असते. आणि मोबाइल हा एका माणसाचा असतो, हा फोन घराचा असतो.

या सुधारणेत एक गोष्ट गमावली गेली आणि तिची मला खंत वाटते. तांब्याच्या तारेवरील जुना फोन वीज गेली तरी चाले, कारण त्यास लागणारा अठ्ठेचाळीस व्होल्टचा प्रवाह केंद्रातील बॅटऱ्यांमधून तारेवरूनच येई. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात, अर्धा दिवस अंधारात काढणाऱ्या खेड्यांत, तोच एक आधार उरला होता. आता काचतंतूची पेटी घरच्या विजेवर, बैठकही घरच्या विजेवर. पावसाळी वादळात तार तुटली की दोन्ही एकदम मुकी होतात, हातातील संच भरलेला असला तरी. तेव्हा वृद्ध माणसे एकटी राहतात अशा घरात या दोन्हींस इन्व्हर्टरची जोड दिल्याविना ही जोडणी पुरी झाली असे मानू नये, असे मी आग्रहाने सांगेन. सेवा देणाऱ्यांनीही ही सूचना जोडणीच्या दिवशीच ग्राहकास दिली पाहिजे.

बोलण्याची वेळही बदलली आहे. पूर्वी ती सरकारी दरपत्रक ठरवी, आणि निजलेल्या घराला पावपट दरासाठी जागे व्हावे लागे. आता वाशीमला रात्रीचे नऊ वाजले, जेवणे उरकली, की न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. तिकडची मुलगी कामातून दहा मिनिटे काढते, आणि माजघरातला फोन वाजतो.