रुन बेटाचा सातबारा

गेल्या गणपतीत वेंगुर्ल्याला घरी होतो. जेवणं झाल्यावर पडवीत चुलतभावाने फोन पुढे केला. इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या कुठल्याशा बेटावरची जमीन विकाऊ होती. समुद्राला लागून, माडांसकट. "आपल्याकडच्या गुंठ्याच्या भावात तिथे एकर येईल," तो म्हणाला. फोटोत वाळू होती, माड होते, निळंशार पाणी होतं. माणूस एकही नव्हता. "तिथे कोण असणार? चार मासे मारणारे." असं म्हणून त्याने फोन खिशात टाकला आणि विषय आमच्या वाडीवर आला. वाडीच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत. त्यातली नऊ मुंबईत, दोन दुबईत. गिऱ्हाईक मात्र तयार आहे.

मला त्या रात्री रुन आठवत राहिलं.

फोनवरच्या नकाशात रुन सापडायला बराच वेळ लागतो. मलुकू प्रांतात, बांदा समुद्रात छोट्या बेटांचा एक पुंजका आहे, त्याच्या पश्चिम टोकाला. लांबी जेमतेम तीन किलोमीटर, रुंदी एकाहूनही कमी. आंबोनहून बोटीने बांदा नेइरा गाठायचं, तिथून लाकडी होडीने आणखी दोनेक तास, तेही दर्या शांत असेल तर. बेटावर गोड्या पाण्याचा झरा नाही, पावसाचं पाणी साठवून वापरायचं. लोक मासे धरतात आणि जायफळं वाळवतात. जमिनीच्या दलालाला दाखवण्यासारखं एवढंच.

पण अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगातलं जवळजवळ सगळं जायफळ या पुंजक्यातून येत होतं. तुमच्या-माझ्या पणजीच्या पणजीच्या पुरणात पडलेलं जायफळही बहुधा तिथलंच.

बांदाला राजा नव्हता. गावोगावचे प्रतिष्ठित, ज्यांना 'ओरांग काया' म्हणत, ते मिळून कारभार पाहत. बेटांवर धान्य पिकत नसे. जावानीज आणि मलय व्यापारी तांदूळ आणि कापड आणत आणि जायफळ, जायपत्री नेत. १६०२ साली डचांनी यातल्या काही ओरांग कायांकडून करारावर सह्या घेतल्या: यापुढे माल फक्त आम्हाला. सगळ्यांनी सह्या केल्या नव्हत्या, आणि ज्यांनी केल्या त्यांना हा कागद पाळायचा तर खायचं काय हा प्रश्न होता. त्यांनी जुन्या व्यापाऱ्यांना माल देणं चालूच ठेवलं. डचांच्या लेखी तो करारभंग ठरला.

रुनच्या लोकांनी दुसरी वाट धरली. डिसेंबर १६१६ मध्ये नॅथॅनियल कोर्टहोप दोन जहाजं घेऊन आला, तेव्हा त्यांनी बेट इंग्लंडच्या राजाच्या नावे लिहून दिलं. खूण म्हणून रुनच्या मातीसकट जायफळाचं रोप दिलं. मला या रोपाचं फार वाटतं. देणाऱ्यांच्या मनात ती दोस्ती असावी: डच आले तर तुम्ही उभे राहा. घेणाऱ्यांनी मात्र ते खरेदीखतासारखं जपलं. कोर्टहोप चारेक वर्षं तिथे चिवटपणे टिकला, पाण्यावाचून हाल काढले आणि १६२० मध्ये डचांच्या हातून मारला गेला.

पुढच्या वर्षी गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून आरमार घेऊन बांदावर उतरला. मे १६२१ मध्ये चव्वेचाळीस ओरांग कायांची मुंडकी उडवली गेली. तलवारी चालवणारे भाडोत्री जपानी सैनिक होते. त्या काही महिन्यांत माणसं लढाईत मेली, डोंगरावर उपासमारीने मेली. सुमारे आठशे जणांना बटावियाला नेलं. इतिहासकार बांदाची आधीची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास धरतात. उरले हजारभर.

मग जमिनीची मोजणी झाली. लोन्थोर, आय आणि नेइरा या तीन बेटांचे अडुसष्ट तुकडे पाडले: लोन्थोरवर चौतीस, आयवर एकतीस, नेइरावर तीन. अशा तुकड्याला 'पेर्क' म्हणत आणि तो कसवणाऱ्याला 'पेर्केनियर'. हे बहुतेक कंपनीतून मोकळे झालेले शिपाई आणि कारकून. जमीन कंपनीची, गुलाम कंपनीने पुरवलेले, जायफळ कंपनीलाच आणि कंपनीच्याच भावाने. गुलामांत आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरून नेलेले लोकही होते. 'प्रॉपर्टी' म्हणून विचार केला तर यापेक्षा स्वच्छ, वादमुक्त जमीन जगात नसेल. हरकत घ्यायलाच कोणी उरलं नव्हतं.

रुनला यातला एकही पेर्क आला नाही. इंग्रजांचा दावा शिल्लक होता म्हणून डचांनी तिथली जायफळाची झाडंच तोडून टाकली. पुढे १६६७ साली ब्रेडाचा तह झाला. रुनच्या बदल्यात इंग्रजांना मॅनहॅटन मिळालं, अशी गोष्ट तुम्ही एखाद्या रीलमध्ये पाहिली असेल. तसा सौदा नव्हता. ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याच्याकडे राहील, एवढंच ठरलं, आणि त्यात रुन डचांकडे राहिलं, मॅनहॅटन इंग्रजांकडे. पण गोष्ट सांगणारे बहुतेक जण मॅनहॅटनचे आजचे भाव सांगून हसतात आणि थांबतात. रुनवर तेव्हा कोण राहत होतं, हे तहात नाही आणि रीलमध्येही नाही.

जी माणसं निसटली त्यांतली काही काई बेटांवर गेली. काई बेसारवर बांदा एली आणि बांदा एलात नावाची गावं आहेत आणि बांदाची जुनी भाषा आज बोलली जाते ती तिथेच. खुद्द बांदावर ती उरली नाही. रुनवर आज राहणाऱ्यांत बुटन बेटावरून आलेल्यांचे वंशज बरेच आहेत. म्हणजे जमीन एकीकडे आणि तिचं नाव ज्या भाषेत पडलं ती भाषा दुसरीकडे.

आता भावाच्या जाहिरातीकडे येऊ. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी, 'हाक मिलिक', फक्त तिथल्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाला वापराचा मुदतबंद हक्क मिळू शकतो. त्यामुळे अनेक ठिकाणी स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेतात आणि आपसात दुसरा कागद करतात. कायद्याच्या नजरेत तो दुसरा कागद टिकत नाही. २०२२ च्या डिसेंबरात तर उत्तर मलुकूतल्या विडी द्वीपसमूहाच्या, शंभराहून जास्त बेटांच्या, विकासहक्कांचा लिलाव न्यूयॉर्कमध्ये जाहीर झाला होता. बेटं परक्यांना विकता येत नाहीत, असं सरकारला सांगावं लागलं.

शिवाय मलुकूत जमिनीचा हक्क आणि झाडाचा हक्क ही बऱ्याच ठिकाणी वेगवेगळी गोष्ट आहे. ज्याच्या आजोबांनी झाड लावलं त्याचं झाड, खालची जमीन कुळाची किंवा गावाची. 'सासी' नावाची रीत आहे: ठरलेल्या मुदतीपर्यंत फळाला किंवा माशाला कोणी हात लावायचा नाही, मग ते कोणाचंही असो. जायफळाला फळ धरायला सात-आठ वर्षं जातात आणि फुलोरा येईपर्यंत झाड नर की मादी तेही कळत नाही. अशी झाडं लावणारा माणूस हिशेब पिढीचा करतो. हे सर्टिफिकेटवर लिहायला रकाना नाही.

वेंगुर्ल्यातही डचांची वखार होती. १६३७ मध्ये आदिलशाहीकडून परवानगी काढून ती सुरू झाली. पडक्या भिंती आजही आहेत. लहानपणी आम्ही त्यांत लपाछपी खेळायचो आणि 'डच' हे कोणाचं तरी आडनाव असावं असं मला वाटायचं.

आमच्या वाडीत माडांच्या सावलीत जायफळाची तीन झाडं आहेत. काकांनी लावली. त्यातलं एक नर निघालं. काका जाऊन तीन वर्षं झाली, वारसनोंद अजून व्हायची आहे. त्यामुळे वाडीत एकटी राहणारी, झाडांना पाणी घालणारी काकी त्या तेवीस नावांत नाही. माझं आहे. मी वर्षातून आठ दिवस येतो.

सकाळी ती सुपात जायपत्री वाळत घालत होती. मी म्हटलं, "काकी, वाडीचं तुझ्या मनात काय आहे? सह्या मागतायत."

तिने आभाळाकडे बघितलं. "आधी ता सूप आत घे रे, पाऊस येतलो."