पाइप, टोपली आणि मागची गल्ली

अमेरिकेत ऑनसाइट असताना आम्ही चौघांनी एकदा कॅम्पर ट्रेलर भाड्याने घेतला होता. फिरतं घर, त्यात फिरता संडास. परत करताना टाकी आपणच रिकामी करायची. तीन इंची पाइपचं एक टोक टाकीला, दुसरं जमिनीतल्या भोकात. आधी संडासाची टाकी सोडायची, मग आंघोळ-भांड्यांची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. संडासाच्या टाकीला तिकडे चक्क 'काळं पाणी' म्हणतात. चिठ्ठ्या टाकल्या आणि ती शिक्षा मला झाली! दहा मिनिटांचं काम, तेही हातमोजे घालून. पण त्याचा किस्सा मी पुढे सहा महिने सांगत होतो.

आजीला फोनवर सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुला पाइप तरी होता. सासूबाई सांगायच्या, आधी टोपल्या होत्या."

गिरगावातल्या आमच्या चाळीमागे चारेक फुटांची गल्ली आहे. महापालिका तिला हाऊस गल्ली म्हणते. आम्ही मात्र सर्रास एका जातीच्या नावाने ओळखायचो आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटायचं नाही. बॉल तिथे गेला की बॅट्समन आउट, आणि बॉल विसरायचा. मला वाटायचं, दोन इमारतींमध्ये उरलेली जागा असेल. ती उरलेली नव्हती, मुद्दाम ठेवलेली होती. संडासाखाली टोपली, तिचं दार मागे गल्लीत. मैला उचलणाऱ्याने मागून यायचं, टोपली रिकामी करायची आणि मागूनच जायचं. पुढच्या जिन्यावर तो दिसायला नको, म्हणून घराच्या नकाशातच त्याची वाट वेगळी काढलेली. या कामगारांना सरकारी कागदात 'हलालखोर' म्हणत. त्या नावाचा करसुद्धा होता.

मग मुंबईत पाइप का नव्हते? एक कारण पाणी. मैला पाइपमधून वाहायला पाणी लागतं, आणि विहारचं पाणी शहरात आलं १८६० मध्ये. पाणी आलं, पण वापरलेलं पाणी जाणार कुठे, हा प्रश्न तसाच राहिला. आर्थर क्रॉफर्ड (मार्केटवाले तेच) १८६५ मध्ये म्युनिसिपल कमिशनर झाले, हेक्टर टुलक या इंजिनियरचा मैलापाण्यावरचा जाडजूड अहवाल १८७२ चा. त्यात आपली मुंबई सपाट, भर घातलेली, भरतीच्या पातळीशी खेटून. माझ्या ट्रेलरचा पाइप उतारावर आपोआप रिकामा झाला. गिरगावात तो उतार आणायचा कुठून? म्हणून पंप, म्हणून वरळीचं लव्ह ग्रोव्ह पंपिंग स्टेशन. १८९६ चा प्लेग आला, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, रस्ते रुंद झाले. हळूहळू टोपल्या गेल्या. गल्ली राहिली, कारण आता ड्रेनेजचे पाइप तिथूनच उतरले. आणि ते तुंबले की उतरायला माणूसही राहिला. सुधारक ओलवे यांनी काढलेले मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो बघा. गळ्यापर्यंत घाणीत उभी माणसं आणि अंगावर फक्त चड्डी.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात आमचं मागचं चेंबर तुंबलं. सक्शनची गाडी आली, पण तिचा पाइप रस्त्यापासून गल्लीच्या टोकापर्यंत पुरेना. एजन्सीवाला सहज म्हणाला, "साहेब, माणूस उतरवतो, अर्ध्या तासात मोकळं." कमिटीतले दोघे लगेच तयार. संडास बंद, घरात म्हातारी माणसं, त्यांचंही खरंच होतं.

मी २०१३ चा कायदा सांगितला. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई दहावरून तीस लाख केली, हेही सांगितलं. (तीस लाखांवर मात्र सगळे गप्प झाले.) चेंबरमधल्या वायूचा आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. आत गेलेल्याला वाटतं, हवा सुधारली!

शेवटी जादा पाइपचे तुकडे मागवले. दोन दिवस आम्ही शेजारच्या वाडीत, नातेवाइकांकडे, ऑफिसात, जमेल तिथे भागवलं. तिसऱ्या दिवशी दोन पोरं पाइप खांद्यावर घेऊन गल्लीत शिरायला निघाली, हातमोजे नव्हतेच. माझे बाइकचे आणि वरच्या काकूंचे भांड्यांचे दिले. चेंबर मोकळं व्हायला वीस मिनिटं लागली, आत कोणी उतरलं नाही.

जादा पाइपचं बिल कमिटीने अजून पास केलेलं नाही.