ओल्ड क्वार्टरमधली रात्र

काँग्रेस रस्त्यावरून चालत येतानाच तुमचा शर्ट पाठीला चिकटलाय. जुलै 1973, टेक्ससमधलं ह्यूस्टन. आखातावरची दमट हवा रात्र झाली तरी हटत नाही. ‘ओल्ड क्वार्टर’ क्लबमध्ये साठेक माणसं जेमतेम मावतील आणि आज शंभराच्या वर शिरलीत. खुर्चीची आशा सोडा. भिंतीला टेकून उभे राहा आणि थंड हवेच्या यंत्राकडे बघू नका, ते चालू नाहीये.

समोर उंच, किडकिडीत तरुण गिटार घेऊन बसलाय. टाउन्स व्हॅन झँट, वय एकोणतीस. फोर्ट वर्थचा, टेक्ससमधल्या जुन्या, बड्या घराण्यातला. सोबत ना ड्रम, ना दुसरा वादक. अर्ल विलिस नावाचा माणूस या खोलीतल्या काही रात्री टेपवर उतरवून घेतोय. त्यातल्याच एका रात्री तुम्ही आलायत.

पहिल्याच गाण्यात तो ‘पांचो अँड लेफ्टी’ची गोष्ट सांगतो. एक दरोडेखोर मेक्सिकोत मारला जातो, दुसरा दूर उत्तरेत क्लीव्हलँडच्या स्वस्तातल्या हॉटेलात म्हातारा होत बसतो. कोणी कोणाचा घात केला, हे गाणं उघड सांगत नाही. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे: दहा वर्षांनी, 1983 मध्ये, विली नेल्सन आणि मर्ल हॅगर्ड हेच गाणं गाऊन अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेतील. इथे कोणाला त्याची कल्पना नाही. तरी लोक असे ऐकतायत की बाटली टेबलावर ठेवल्याचाही आवाज येतो.

आता त्याच्या उजव्या हाताकडे बघा. अंगठा खालच्या सुरांच्या तारांवर एकाआड एक ठोका देत राहतो, बोटं वरच्या तारांवर चाल विणतात. केंटकीच्या मर्ल ट्रॅव्हिसने ही पद्धत गाजवली, ती त्याच्याच नावाने ओळखली जाते, आणि ट्रॅव्हिसचं ‘नाइन पाउंड हॅमर’ टाउन्स इथे गातोही. ठोका कधीच घाई करत नाही. त्यावर आवाज मात्र मागेपुढे रेंगाळतो, शब्द जिथे जड होतो तिथे थांबतो.

त्याची गाणी ऐकायची ती अशीच, असं माझं ठाम मत आहे. 1968 च्या पहिल्या रेकॉर्डवर त्यांच्यावर इतका वाद्यमेळ चढवला होता की शब्द गुदमरले. त्यातली काही गाणी त्याला पुढच्याच वर्षी नव्याने, साधेपणाने ध्वनिमुद्रित करावी लागली. ‘टेकम्सेह व्हॅली’ घ्या. खाणकामगाराची पोर कामाच्या शोधात डोंगर उतरून येते आणि हळूहळू सगळं गमावते. या गोष्टीला व्हायोलिनांची फौज कशाला हवी? इथे ती एका माणसाच्या तोंडून येते, आणि तुमच्या शेजारचा दाढीवाला मान खाली घालतो.

विशीच्या उंबरठ्यावर टाउन्सला गॅल्व्हेस्टनच्या रुग्णालयात इन्सुलिनचे झटके देण्यात आले. मनाच्या आजारावरचा त्या काळचा उपचार. त्या उपचाराने बालपणाच्या बऱ्याच आठवणी पुसून टाकल्या. ते मनात ठेवून ‘वेटिंग अराउंड टू डाय’ ऐका. हे त्याच्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांपैकी एक. पोरकेपण, तुरुंग, नशा, सगळं एका पाठोपाठ एक येतं, आणि तो कुठेही गळा काढत नाही. दया मागत नाही म्हणूनच ते गाणं सहन होत नाही.

मग तो विनोद सांगतो. अगदी साधे, पोरकट विनोद, आणि खोली खदखदून हसते. दोन दुःखांच्या मध्ये माणसांना श्वास घेऊ देणं ही त्याची गरज आहे आणि मायाही. हसू ओसरायच्या आत ‘मिस्टर मड अँड मिस्टर गोल्ड’ सुरू होतं: पत्त्यांचा डाव, पानंच बोलू-भांडू लागतात, शब्द धो धो कोसळतात. गिटारचा ठोका मात्र ढळत नाही.

या टेपा चार वर्षं पडून राहणार आहेत. त्याची रेकॉर्ड कंपनी बुडेल, आणि 1977 मध्ये त्या दोन तबकड्यांच्या संचात बाहेर येतील. 1 जानेवारी 1997 ला, बावन्नाव्या वर्षी, तो जाईल. त्याचा लाडका गायक हँक विल्यम्सही 1 जानेवारीलाच गेला होता. दारूने टाउन्सचं काय केलं हे तुम्हाला माहीत आहे. पुढे जाऊन सांगावंसं वाटेल. सांगता येणार नाही.

तेवढ्यात तो लाइटनिन हॉपकिन्सचा ब्लूज काढतो. हॉपकिन्स याच ह्यूस्टनचा, टाउन्सचा खरा गुरू. पाय ठेका धरतो, मागून कोणीतरी ओरडून दाद देतं. बाकीची पुष्कळ गाणी अजून व्हायचीत. घाम पुसा आणि जरा पुढे सरका, तिथून बोटं नीट दिसतात.