हद्दपार झालेली नोंदवही

अकेडियन, म्हणजे नोव्हा स्कोशिया परिसरातल्या फ्रेंच वसाहतकार, पूर्वजाचा माग काढायचा म्हटलं की सगळे नोव्हा स्कोशियातल्या ग्राँप्रेकडे धावतात. पण तिथल्या सँ-शार्ल चर्चची १७०७ ते १७४८ ची नोंदवही मिळाली ती थेट लुईझियानात, मिसिसिपीकाठच्या सेंट गॅब्रिएल चर्चमध्ये! गावकऱ्यांबरोबर त्यांची वहीही परागंदा झाली होती. आज ती बॅटन रूज धर्मप्रांताच्या दप्तरखान्यात आहे.

हद्दपारीची हकिगत सर्वश्रुत आहे. ५ सप्टेंबर १७५५ ला ब्रिटिशांचा सेनाधिकारी विन्स्लो याने ग्राँप्रेच्या पुरुषांना चर्चमध्ये बोलावून हद्दपारीचा ब्रिटिश हुकूम वाचून दाखवला. पुढे कुटुंबंच्या कुटुंबं जहाजांत कोंबून अमेरिकी वसाहतींत पांगवली.

मग वही नेली कोणी? पाद्र्याने म्हणावं, तर पाद्र्यांना ऑगस्टमध्येच अटक झाली होती. दुसरा तर्क असा, की ती फ्रान्सला गेली आणि १७८५ साली तिथून सात जहाजांनी लुईझियानात आलेल्या अकेडियनांनी सोबत आणली. हा तर्क मला मुळीच पटत नाही. १७६७ मध्ये ब्रिटनीच्या बेल-ईल बेटावर वसवलेल्या अकेडियन कुटुंबप्रमुखांनी शपथेवर आपापल्या पिढ्या तोंडी सांगितल्या आणि त्या लिहून घेतल्या गेल्या, कारण मूळ वह्या हाताशी नव्हत्या. त्यांत ग्राँप्रे भागातलेही होते. वही फ्रान्समध्ये असती, तर हा खटाटोप कशाला?

माझ्या मते ती मेरीलँडमार्गे गेली. हुकुमाने जमीन आणि गुरं जप्त झाली, पण पैसे आणि घरसामान नेण्याची मुभा होती. ग्राँप्रेची कित्येक कुटुंबं मेरीलँडला उतरवली गेली, आणि तिथून आलेल्यांना १७६७ मध्ये स्पॅनिश अधिकाऱ्यांनी नेमकं सेंट गॅब्रिएललाच वसवलं. वही त्यांच्यापैकीच कुणाच्या गाठोड्यातून आली असणार.

अशा वहीचं मोल एका विवाहनोंदीतही दिसतं. तीत वधूवरांच्या आईबापांची नावं असतात. कधी चर्चने दिलेली ‘चौथ्या पिढीच्या नात्याची’ सूटही नोंदलेली असते. म्हणजे दोघांचे एक खापरपणजोबा किंवा खापरपणजी सामाईक! तेवढ्या धाग्यावरून हरवलेली पिढी जोडता येते.

म्हणून शोध घेणाऱ्याने गावाआधी जहाज शोधावं. ते मेरीलँडला गेलेलं असेल, तर लुईझियानाची दप्तरं आधी उघडावीत. व्हर्जिनियाला गेलेलं असेल, तर इंग्लंडमार्गे ब्रिटनीची.