परीक्षेची परीक्षा

विद्यार्थ्याची परीक्षा शिक्षक घेतो. पण त्या परीक्षेची परीक्षा कोण घेतो? आम्हा शाळामास्तरांच्या जगात या प्रश्नाला उत्तर नाही. प्रश्नपत्रिका सोपी निघाली की निकाल चांगला लागतो, निकाल चांगला लागला की हेडमास्तर खूष, पालक खूष; आणि ज्याला काडीचेही आले नाही असा मुलगा त्या जाळीतून सुखरूप निसटला असेल, ही शंका कोणाच्या मनाला शिवत नाही. मला नवल वाटते ते याचे की, या प्रश्नाला ज्यांनी खरा हात घातला ती मंडळी शिक्षणशास्त्री नव्हती. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी होती. त्यांनी शोधलेल्या उत्तराचा पुढे चक्क एक खेळ झाला, आणि तो विद्यापीठाच्या वर्गात खेळला गेला. त्या खेळाची ही हकीकत.

प्रोग्राममधल्या चुकीला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या यंत्राच्या रिलेमध्ये एक खराखुरा पतंग अडकलेला सापडला आणि तेथल्या माणसांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पण शब्दाचा जन्म त्या दिवशी झाला नाही. एडिसनने १८७८ सालच्या एका पत्रात यंत्रातल्या दोषांना हेच नाव दिले होते. पतंग सापडल्यावर लोकांना हसू आले ते शब्द आधीपासून ठाऊक होता म्हणूनच. असो.

किडा शोधायचा तर प्रोग्रामला प्रश्न विचारायचे आणि उत्तरे ताडून पाहायची. यालाच चाचणी म्हणतात. १९७९ साली ग्लेनफोर्ड मायर्स यांनी चाचणीच्या कलेवर एक पुस्तक लिहिले. त्याच्या आरंभीच त्यांनी वाचकाला एक साधे काम दिले आहे. एका प्रोग्रामला तीन संख्या द्यायच्या. त्या त्रिकोणाच्या बाजू मानून त्याने सांगायचे की त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज. हा प्रोग्राम तपासायला तुम्ही कोणकोणत्या संख्या द्याल? मायर्सनी चौदा गुणांचा हिशेब ठेवला होता, आणि कसलेल्या व्यावसायिक प्रोग्रामरांना त्यात सरासरी ७.८ गुण पडत, असे त्यांनी नमूद केले आहे. आमच्या आठवीच्या भूमितीत निष्णातांची ही अवस्था!

परंतु चौदा गुणांची ती यादी मायर्सनी आपल्या अनुभवावरून केली होती. नव्या प्रोग्रामसाठी अशी यादी कोण देणार? याचे उत्तर त्याआधीच एका विद्यार्थ्याला सुचलेले होते. १९७१ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात रिचर्ड लिप्टन शिकत होते. त्यांनी एका निबंधात ही कल्पना मांडली, आणि १९७८ साली डीमिलो व सेवर्ड यांच्यासह ती विस्ताराने प्रसिद्ध केली. कल्पना अशी: बरोबर प्रोग्राम घ्या, त्याच्या पुष्कळ नकला करा, आणि प्रत्येक नकलेत मुद्दाम एकेक बारीकशी चूक पेरा. मग आपली प्रश्नपत्रिका या बिघडवलेल्या नकलांपुढे ठेवा. जी नकल पकडली गेली ती मेली. जी निसटली ती जिवंत राहिली. जिवंत नकला जितक्या जास्त, तितकी प्रश्नपत्रिका कच्ची. या नकलांना म्युटंट म्हणतात. शब्द जीवशास्त्रातून उचललेला आहे.

त्रिकोणाचेच उदाहरण घेऊ. दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असली पाहिजे, असा नियम प्रोग्राममध्ये लिहिलेला आहे. मी त्यात ‘मोठी’च्या जागी ‘मोठी किंवा तेवढीच’ असे करून ठेवतो. आता ३, ४, ५ देऊन पाहा. दोन्ही प्रोग्राम म्हणतील त्रिकोण आहे. १, २, ९ द्या. दोन्ही म्हणतील नाही. चूक तशीच लपून राहिली. पण १, २, ३ दिले की खरा प्रोग्राम म्हणेल, ‘ही सरळ रेषा झाली, त्रिकोण नव्हे’. आणि बिघडवलेला त्रिकोण मान्य करून बसेल. पहिल्या दोन प्रश्नांनी जे साधले नाही ते तिसऱ्याने साधले. कोणता प्रश्न कामाचा, हे आता मास्तरांच्या मर्जीवर राहिले नाही.

येथे एक पेच आहे, आणि मला तोच सर्वांत रोचक वाटतो. समभुज ठरवताना ‘अ बरोबर ब, आणि ब बरोबर क’ असे लिहिलेले असते. मी बदलून ‘अ बरोबर ब, आणि अ बरोबर क’ असे केले, तर? अक्षर बदलले, अर्थ तोच राहिला. हा म्युटंट जगातल्या कोणत्याही प्रश्नाने मरणार नाही, कारण तो चुकलेलाच नाही. त्रिकोणात हे डोळ्यांना दिसते. मोठ्या प्रोग्राममध्ये दिसत नाही, आणि दोन प्रोग्राम समानार्थी आहेत की नाहीत हे हमखास सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे सिद्ध झालेले आहे. यंत्र येथे हात टेकते. माणसानेच बसून विचार करावा लागतो.

आणि हे काम कंटाळवाणे! १९८० च्या दशकात अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या मंडळींनी ‘मोथ्रा’ नावाची यंत्रणा बांधली. ती शेकड्यांनी म्युटंट तयार करी. नाव जपानी चित्रपटातल्या राक्षसी पतंगाचे. (हार्वर्डच्या त्या पतंगाचा असा सूड निघाला म्हणायचा.) पण उरलेल्या जिवंत म्युटंटांपुढे बसायला उत्साह कोणाला? या अडचणीवर इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात होसे मिगेल रोखास, गॉर्डन फ्रेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोड काढली. २०१६ साली त्यांनी ‘कोड डिफेंडर्स’ हा खेळ विद्वानांपुढे मांडला. पुढे फ्रेझर जर्मनीत पासाउ विद्यापीठात गेले आणि खेळ तेथल्या अभ्यासक्रमात रुजला.

खेळात दोन पक्ष. हल्ला करणारे खऱ्या प्रोग्राममध्ये चुका पेरतात. राखण करणारे त्या पकडणारे प्रश्न लिहितात. जितका काळ चूक जिवंत, तितके पेरणाऱ्याला गुण. पकडली की राखणदाराला. राखणदाराला संशय आला की ही चूक नसून समानार्थी बदल आहे, तर तो आव्हान देतो. मग पेरणाऱ्याने स्वतःच एक प्रश्न लिहून आपली चूक खरी असल्याचे दाखवायचे, नाहीतर हार मानायची. गणिताने जेथे हात टेकले तेथे वाद घालायला दोन विद्यार्थी समोरासमोर बसवले! चूक करणे हा वर्गात गुण मिळवण्याचा राजमार्ग झाला, हे आमच्या लाल शाईच्या परंपरेला किती मानवेल ते सांगवत नाही.

आता हा खेळ मांडायचा कसा? विद्यार्थ्याला फक्त ब्राउझर पुरतो. सारा भार सर्व्हरवर. तेथे जावा हवी, टॉमकॅट हवे आणि मायएसक्यूएल हवे. टॉमकॅटच्या कर्त्याला स्वतःची काळजी स्वतः घेणारे जनावर हवे होते, म्हणून बोक्याचे नाव. मायएसक्यूएलमध्ये कर्त्याने आपल्या मुलीचे नाव गुंफले आहे. आपण घरावर कोरतो तसेच. ही मंडळी गोळा करणे फार कठीण नाही. कठीण निराळेच आहे. या खेळात विद्यार्थी जे लिहितो ते नुसते साठवायचे नसते, ते चालवायचे असते, तेही आपल्या सर्व्हरवर. परक्याच्या हाती स्वयंपाकघर देण्यासारखेच हे. एखाद्याने न संपणारे फेरे लिहिले तर सर्व्हर गरगरत राहील. कोणी फायली पुसण्याची आज्ञा लिहिली तर? म्हणून वेळेची मर्यादा घालावी लागते आणि भोवती कुंपण उभारावे लागते.

मांडणी ही दुय्यम गोष्ट, असे समजणाऱ्यांनी ४ जून १९९६ आठवावा. एरियन-५ हे युरोपचे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. त्यातला दिशादर्शक प्रोग्राम एरियन-४ वर नीट चाललेला होता. नव्या बाणाचा आडवा वेग जास्त. ती संख्या सोळा बिटांच्या जागेत, म्हणजे ३२,७६७ च्या आत, मावली नाही. चौकशीत आढळले की नव्या बाणाच्या मार्गाचे आकडे घालून ती यंत्रणा कधी तपासलीच नव्हती. प्रोग्राम जुनाच होता, घर नवे होते, आणि प्रश्नपत्रिका जुन्या घरातली होती.

कुंपणाचीही तीच गत. परक्या प्रोग्रामला आवर घालण्यासाठी जावामध्ये अगदी आरंभापासून ‘सिक्युरिटी मॅनेजर’ नावाचा पहारेकरी होता. २०२१ साली जावाच्या सतराव्या आवृत्तीत त्याला निवृत्तीची नोटीस मिळाली, आणि २०२५ साली चोविसाव्या आवृत्तीत तो कायमचा बंद झाला. ज्यांच्या मांडणीची भिस्त त्याच्यावर होती त्यांना जुन्या जावावर थांबणे किंवा प्रत्येक परका प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात चालवणे, एवढेच मार्ग उरले. डबा नवा घेतला, तर त्यातून काय निसटते हे पाहण्यासाठी मांडणाऱ्याला पहिला हल्लेखोर स्वतःच व्हावे लागते.